सॉलिसिटरबाईंनी आमचं गॅरेज कागदावर आणलं: इंग्लंडमधल्या घरखरेदीतल्या दोन सॉलिसिटरांचा अनुभव

रेडिंगमध्ये आम्ही तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर घेतलं. किंमत ४,७५,००० पौंड. त्या व्यवहारासाठी सॉलिसिटरबाईंची फी होती १,४५० पौंड, वर २० टक्के व्हॅट. ओळखीतले बहुतेक जण म्हणाले, ‘एवढे कशाला? ऑनलाइन सहाशेत होतं.’ सहाशेतला अनुभवही आमच्या गाठीशी आहे. आधी स्लावमधला फ्लॅट विकला, तेव्हा तसेच सॉलिसिटर होते. दोन्ही अनुभव ताजे आहेत तोवर लिहिते. इथे घर घेणारी आपली माणसं मॉर्गेजवरचा (गृहकर्जावरचा) पाव टक्का वाचवायला रात्री जागवतात आणि सॉलिसिटर मात्र एजंट सांगेल तो घेतात. माझं ठाम मत आहे की हे उलटं हवं.

नवीन लोकांसाठी आधी थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मालमत्तेच्या हस्तांतरणाचं कायदेशीर काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर करतो. सॉलिसिटरवर एसआरए (सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी) या संस्थेचं नियंत्रण असतं, कन्व्हेयन्सरवर सीएलसीचं (काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स). दोघेही चालतात, फक्त तुम्हाला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, ते असायला हवेत, कारण तुमच्याबरोबर बँकेचंही काम सहसा तेच बघतात. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथलं मी काही सांगत नाही. आपल्याकडे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोन्ही पक्ष समोरासमोर बसतात, फोटो निघतो, अंगठा लागतो. इथे तसं काहीच नाही. घर विकणाऱ्या माणसाशी एक शब्दही न बोलता घर तुमच्या नावावर होतं. मधलं सगळं दोन सॉलिसिटर कागदावर करतात. म्हणून तो कागद वाचणारा माणूस कसा आहे, याला इतकं महत्त्व.

स्लावचा फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा होता. विकायला काढला तेव्हा इस्टेट एजंटने एक फर्म सुचवली, कोटेशन आलं ५९५ पौंडांचं. एजंटला अशा शिफारशीचे पैसे मिळू शकतात आणि तसे मिळत असतील तर ते त्याने सांगावं लागतं. त्याने सांगितलं, कागदावर बारीक अक्षरात. त्याने सुचवलेलाच सॉलिसिटर घ्यायचं बंधन कुणावरही नसतं, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

त्या फर्मचं नाव लिहीत नाही. कामाची पद्धत सांगते. सगळं एका पोर्टलवर. लॉगिन केलं की हिरव्या-पिवळ्या खुणा दिसायच्या, ‘प्रगतीपथावर’ असं लिहिलेलं असायचं. फोन केला की कॉल सेंटर. आपली फाइल ज्या बाईकडे होती ती सोडून गेली, मग दुसऱ्याकडे गेली, मग ‘टीम’कडे. टीम म्हणजे कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. लीजहोल्ड फ्लॅट विकताना इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून एक माहितीसंच मागवावा लागतो, एलपीई१ म्हणतात त्याला. सर्व्हिस चार्ज किती, थकबाकी आहे का, पुढे मोठी दुरुस्ती येणार आहे का, इमारतीचा विमा कुणाचा, आगीच्या सुरक्षेची तपासणी झाली आहे का, हे सगळं त्यात असतं. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि तो यायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून तो पहिल्याच दिवशी मागवायचा असतो. आमच्या फर्मने तो खरेदीदाराच्या सॉलिसिटरने मागितल्यावर मागवला. खरेदीदार तरुण जोडपं होतं, त्यांच्या मॉर्गेज ऑफरची मुदत संपत आली होती आणि ते मागे फिरायच्या बेतात होते. शेवटी माझ्या नवऱ्याने मॅनेजिंग एजंटच्या ऑफिसात स्वतः फोन लावून संच मिळवला.

बिल आलं तेव्हा ५९५ चे व्हॅटसकट १,३०० च्या वर गेले होते. लीजहोल्ड आहे म्हणून वेगळे, मॉर्गेज फेडून घ्यायचं म्हणून वेगळे, दोघांची ओळख तपासली म्हणून प्रत्येकी वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे. यातलं काहीही बेकायदा नव्हतं. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घरांच्या व्यवहाराचे दर वेबसाइटवर जाहीर करावे लागतात, आणि ही सगळी कलमं त्यांच्या पानावर खाली कुठेतरी होती. पण ५९५ हा आकडा मोठ्या अक्षरात आणि बाकीचं तळाला, या मांडणीबद्दल मला आजही राग आहे.

फ्लॅट विकला, भाड्याच्या घरात गेलो आणि पुढच्या खरेदीसाठी रेडिंगमधल्याच एका छोट्या फर्मकडे गेलो. दुकानांच्या रांगेत वरच्या मजल्यावर ऑफिस. एक सॉलिसिटरबाई, एक सेक्रेटरी, आणखी एक ज्युनिअर. पहिल्या भेटीत बाईंनी घराबद्दल काही विचारायच्या आधी विचारलं, ‘जगात कुठेही तुमच्या नावावर आणखी घर आहे?’

हा प्रश्न आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा आहे. दुसरं घर असेल तर स्टॅम्प ड्युटीवर ५ टक्के अधिभार लागतो, आणि ‘दुसरं घर’ म्हणजे फक्त ब्रिटनमधलं नव्हे. पुण्यातला फ्लॅट धरतात, नागपूरचा धरतात. नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर असलं तरी धरतात. आमचा नाशिकला फ्लॅट आहे. पण आम्ही आमचं राहतं घर विकून तीन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेत होतो, त्यामुळे अधिभार लागणार नव्हता. बाईंनी स्लावच्या विक्रीचं कम्प्लिशन स्टेटमेंट (व्यवहार पूर्ण झाल्याचा हिशोब) मागवून घेतलं आणि हिशोब लिहून दिला: पहिल्या १,२५,००० वर शून्य, पुढच्या १,२५,००० वर २ टक्के म्हणजे २,५००, उरलेल्या २,२५,००० वर ५ टक्के म्हणजे ११,२५०. एकूण १३,७५० पौंड. अधिभार लागला असता तर त्यावर आणखी २३,७५०.

माझ्या नवऱ्याचा एक मित्र याच सुमारास ४,००,००० पौंडांचं पहिलं घर घेत होता. ‘फर्स्ट टाइम बायर’ म्हणून सवलत मिळेल आणि ड्युटी ५,००० पडेल, असं तो धरून चालला होता. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्याचा निम्मा वाटा, स्वतःच्या पगारातून पैसे घालून घेतलेला. जगात कुठेही घराची मालकी असली की पहिल्या घराची सवलत जाते. वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असली की अधिभारही लागतो. त्याच्या सॉलिसिटरने हे अगदी शेवटी विचारलं. ५,००० चे ३०,००० झाले. कायदा सगळ्यांना तोच आहे, पण वेळेवर कळलं असतं तर त्याने घराचं बजेट वेगळं ठरवलं असतं. विचारणारा माणूस कधी विचारतो, याला म्हणूनच किंमत आहे.

दुसरा मुद्दा पैसे कुठून आले हा. मनी लाँडरिंगच्या २०१७ च्या नियमांमुळे सॉलिसिटरला पैशाचा उगम तपासावा लागतो, आणि ‘सासऱ्यांनी दिले’ एवढं सांगून भागत नाही. आमच्या डिपॉझिटमधला काही भाग सासूबाई आणि बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दिला होता, नाशिकजवळचा प्लॉट विकून. बाईंना हवं होतं ते असं: दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रमाणित प्रती, प्लॉट विकल्याचा पुरावा, ते पैसे त्यांच्या खात्यात आल्याचं आणि तिथून आमच्याकडे निघाल्याचं स्टेटमेंट, आणि एक पत्र. पत्रात लिहायचं की ही भेट आहे, परत घ्यायची नाही आणि घरात देणाऱ्यांचा हिस्सा असणार नाही. बँकेलाही हे कळवावं लागतं. बाबांना ते शेवटचं वाक्य जड गेलं. मुलाला दिलेल्या पैशाबद्दल ‘माझा हक्क नाही’ असं इंग्रजीत सही करून का द्यायचं, असं त्यांनी विचारलं. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी बाबांसाठी साध्या भाषेत एक पान लिहून दिलं की उद्या कर्ज थकलं आणि बँकेने घर विकलं तर तुमचा वाटा म्हणून आधी बाजूला काढता येऊ नये, यासाठी बँक हे मागते. मी ते मराठीत वाचून दाखवलं आणि बाबांनी सही केली. त्या पानाचे बाईंनी पैसे लावले नाहीत.

प्लॉटची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, अर्थातच मराठीत. तिचं प्रमाणित भाषांतर लागलं. ज्यांना महाराष्ट्रातून पैसे आणायचे आहेत त्यांनी ही तयारी घर बघायला लागायच्या आधीच करावी. खरेदीखत, इंडेक्स टू, पासबुक, सगळं. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण बँकेतल्या फॉर्मांना आणि सह्यांना वेळ जातो, आणि सहकारी बँकेतून पैसे निघणार असतील तर आणखी जातो.

आता गॅरेज.

घराच्या मागे एक अरुंद गल्ली आहे, तिच्या पलीकडे सहा गॅरेजची रांग. त्यातलं डावीकडून दुसरं आमचं, असं एजंटने दाखवलं होतं. माहितीपत्रकात ‘गॅरेजसह’ असं ठळक लिहिलेलं. विक्रेत्याने आतला सामानाचा ढीगही दाखवला, किल्ली फिरवून. आम्हाला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

बाईंनी लँड रजिस्ट्रीतून टायटल रजिस्टर आणि टायटल प्लॅन मागवले. रजिस्टरचे तीन भाग असतात. पहिल्यात मालमत्तेचं वर्णन, दुसऱ्यात मालक कोण, तिसऱ्यात बोजे आणि अटी. प्लॅन म्हणजे नकाशा, त्यावर लाल रेषेने मालमत्ता दाखवलेली. तो नकाशा त्यांनी आम्हाला ईमेलवर पाठवला आणि लिहिलं, ‘मी हे घर पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. तुम्ही पाहिलंय. नकाशा छापून घ्या, घरी जा, आणि तुम्हाला जे जे दाखवलं गेलं ते यात आहे का ते मला कळवा.’

ही एक ओळ मला त्यांच्या सगळ्या कामातली सर्वात मोलाची वाटते. इथे सॉलिसिटर जागेवर जात नाही. सर्व्हेयर जातो, पण तो भिंती आणि छप्पर बघतो, मालकी बघत नाही. जागा पाहिलेला माणूस आणि कागद पाहिलेला माणूस हे दोघे वेगळे असतात, आणि ते एकमेकांशी बोलले नाहीत तर मधली गोष्ट निसटते. आम्ही नकाशा घेऊन गेलो. लाल रेषा घर, पुढची बाग, मागची बाग असं करत मागच्या कुंपणापाशी बंद होत होती. गल्ली बाहेर. गॅरेजची रांग तर पार बाहेर, नुसते सहा छोटे चौकोन, एकाभोवतीही लाल रेघ नाही.

बाईंनी विक्रेत्याच्या सॉलिसिटरला विचारलं. पहिलं उत्तर आलं की गॅरेज मालमत्तेचाच भाग आहे. बाईंनी परत लिहिलं, कोणत्या टायटल नंबरखाली? मग शोध घेतला गेला. निघालं असं की गॅरेजला स्वतंत्र टायटल नंबर होता. आधीच्या कुठल्यातरी मालकाने ते घरानंतर वेगळं विकत घेतलं होतं, आणि आताच्या विक्रेत्याच्या नावावर ते रीतसर होतंही. फक्त आमच्या कराराच्या मसुद्यात एकच टायटल नंबर होता, घराचा. आम्ही तसंच पुढे गेलो असतो तर किल्ली मिळाली असती आणि मालकी मात्र विक्रेत्याकडेच राहिली असती. कदाचित आम्ही घर विकायला काढेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसरा नंबर करारात घातला गेला, बँकेला कळवलं गेलं, आणि गल्लीतून जायचा हक्क कुठे नोंदलेला आहे तेही बाईंनी शोधून दाखवलं: गॅरेजच्या रजिस्टरमध्ये, डागडुजीच्या खर्चात वाटा देण्याच्या अटीसह.

विक्रेत्याच्या सॉलिसिटरने लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. त्याने घराचा पत्ता घातला, आलेलं टायटल जोडलं आणि पुढे पाठवलं. घाईत काम करणारा कुणीही हेच करेल. आमच्या पहिल्या फर्मने दोन्ही नंबर शोधले असते का, याचं उत्तर मला मनातल्या मनात नीट ठाऊक आहे.

मागच्या बाजूचं वाढवलेलं स्वयंपाकघर हे दुसरं प्रकरण. विक्रेत्याला टीए६ नावाचा माहितीचा फॉर्म भरावा लागतो. काय बांधकाम केलं, परवानग्या आहेत का, शेजाऱ्यांशी वाद आहेत का, असे प्रश्न. स्वयंपाकघरासमोर ‘आधीच्या मालकाच्या काळातलं, माहीत नाही’ असं लिहिलेलं. कौन्सिलचं (स्थानिक पालिकेचं) बिल्डिंग रेग्युलेशनचं, म्हणजे बांधकामाच्या नियमांचं, पूर्णत्व प्रमाणपत्र सापडेना. विक्रेत्याकडून प्रस्ताव आला की आम्ही इन्डेम्निटी विमा काढून देतो. हे इथे सर्रास चालतं, प्रीमियमही फार नसतो, आणि बरेच सॉलिसिटर तिथेच विषय मिटवतात.

बाईंनी आम्हाला फोन केला आणि नीट समजावलं. हा विमा कौन्सिलने कारवाई केली तर पैसे देईल. तुळई कमी जाडीची निघाली तर तो काही कामाचा नाही. मधली भिंत काढलेली दिसते, वर बाथरूम आहे, तेव्हा विमा घ्यायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. आणि काहीही झालं तरी या विषयावर कौन्सिलला स्वतः फोन करू नका, केलात तर विमा मिळणारच नाही. आम्ही इंजिनिअर आणला. त्याने छतातला एक तुकडा उघडून तुळई पाहिली, ठीक असल्याचं लेखी दिलं. मग विमा विक्रेत्याच्या खर्चाने घेतला. कागदाचा धोका वेगळा आणि डोक्यावरच्या छताचा धोका वेगळा, हे त्या दिवशी आम्हाला नीट कळलं.

सर्चेस, म्हणजे कौन्सिलची, पाणी-ड्रेनेजची आणि पर्यावरणाची चौकशी, यांबद्दल फार लिहायला नको, त्या सगळेच करतात. पण एक गोष्ट बाईंनी आवर्जून सांगितली. लोकल सर्च फक्त तुमच्या मालमत्तेबद्दल बोलतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर पाच मजली इमारत मंजूर झाली असेल तर तो गप्प राहील. ते कौन्सिलच्या प्लॅनिंगच्या पानावर आपण बघायचं, पत्ता टाकला की दिसतं.

मालकी दोघांच्या नावावर कशी घ्यायची हेही त्यांनी विचारलं. ‘जॉइंट टेनंट्स’ असाल तर एकजण गेल्यावर घर आपोआप दुसऱ्याचं होतं. ‘टेनंट्स इन कॉमन’ असाल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा राहतो आणि मृत्युपत्राप्रमाणे जातो. ‘तुमच्यापैकी एकजण गेला तर काय व्हावं असं वाटतं?’ हा प्रश्न त्यांनी पहिल्याच भेटीत, चहा पुढे करत विचारला. आपल्या घरांत असं बोलायची पद्धत नाही, पण विचारलं ते बरं झालं. त्या रात्री आम्ही दोघं प्रथमच यावर बोललो.

आमच्याकडे राहणाऱ्या दिरालाही सही करावी लागली. कर्जात नसलेली प्रौढ व्यक्ती घरात राहणार असेल तर बँक तिच्याकडून हक्क सोडल्याचं पत्र घेते. बाईंनी त्याला सांगितलं की यावर तू वेगळ्या वकिलाचा सल्ला घेऊ शकतोस, मी तुझी वकील नाही. ही स्पष्टता मला आवडली.

आणि नावं. मराठी बाईचं नाव म्हणजे इथल्या फॉर्मांना मोठी अडचण. माझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, मॉर्गेज ऑफरवर मधलं नावच नाही, स्लावच्या जुन्या कागदांवर स्पेलिंग वेगळं. बाईंनी तिन्ही कागद समोर ठेवून, कोणतं नाव कायम करायचं ते माझ्याकडून लिहून घेतलं, बँकेकडून ऑफर दुरुस्त करून घेतली. रजिस्टरवर आज माझं नाव पासपोर्टप्रमाणे आहे, शब्द न् शब्द.

आता तक्रारी. बाईंचं सगळंच गोड होतं असं नाही. ईमेलला उत्तर यायला वेळ लागायचा, कधीकधी इतका की आम्ही फोन करायचो. फोन मात्र त्या स्वतः घ्यायच्या किंवा त्याच दिवशी उलट करायच्या. भेट म्हणून आलेल्या पैशाची तपासणी वेगळी आकारली, कोटेशनमध्ये ते लिहिलेलं होतं, पण भारतातली कागदपत्रं म्हणून आणखी थोडे वाढवले, ते मला पटलं नाही आणि मी तसं त्यांना सांगितलं. टायटलवरचा त्यांचा अहवाल जाडजूड आणि किचकट इंग्रजीत होता. त्यांनी समोर बसवून तो समजावला नसता तर मला त्यातलं निम्मं कळलं नसतं. आणि तारीख विचारली की त्या कधीच सांगायच्या नाहीत. ‘समोरच्यांची साखळी (एकमेकांवर अडलेले घरांचे व्यवहार) लांब आहे, मी खोटं आश्वासन देणार नाही,’ एवढंच. आमच्या भाड्याच्या घराची नोटीस कधी द्यायची हा प्रश्न त्यामुळे टांगणीला लागला. दोन महिन्यांचं भाडं आणि मॉर्गेज एकत्र भरावं लागलं. बाईंना दोष देत नाही, पण वेगाने काम होईल या अपेक्षेने कुणी त्यांच्याकडे गेलं तर निराश होईल.

पैसे पाठवायची त्यांची पद्धत अगदी पक्की. पहिल्याच भेटीत बँक खात्याचा तपशील छापील कागदावर हातात दिला आणि सांगितलं, ‘हा कधीही बदलणार नाही. बदलल्याची ईमेल आली तर ती माझी नाही, या कागदावरच्या नंबरला फोन करा.’ सॉलिसिटरच्या नावाने खोटी ईमेल पाठवून डिपॉझिट लुबाडणाऱ्या टोळ्या इथे आहेत. आम्ही आधी एक पौंड पाठवला, फोनवर पोचल्याची खात्री केली, मग बाकीचे.

एक्स्चेंज, म्हणजे सह्या झालेल्या करारांची अदलाबदल, झालं तेव्हा १० टक्के, म्हणजे ४७,५०० पौंड गेले. इंग्लंडमध्ये एक्स्चेंज होईपर्यंत कुणीही, कुठल्याही कारणाने मागे फिरू शकतं, आणि झाल्यावर फिरलात तर डिपॉझिट जातं. घराचा विमा त्याच दिवसापासून चालू ठेवा असं बाईंनी बजावलं होतं, कारण नेहमीच्या अटींनुसार एक्स्चेंजपासून घराची जोखीम खरेदीदाराकडे येते, किल्ली हातात नसली तरी. कम्प्लिशनच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी फारसं काही घडलं नाही. पैसे बँकेतून बँकेत गेले, एजंटने किल्ल्या दिल्या, दोन्ही. घराची आणि गॅरेजची.

स्टॅम्प ड्युटीचं रिटर्न कम्प्लिशनपासून १४ दिवसांत भरावं लागतं, ते बाईंनी वेळेत भरलं आणि पावती पाठवली. न वापरलेले थोडे पैसे हिशोबासकट परत आले.

दर्जा विचाराल तर पहिल्या फर्मला पाचपैकी दीड, बाईंना साडेचार. अर्धा उत्तराच्या दिरंगाईचा कापला. सॉलिसिटर शोधणाऱ्यांनी कोटेशन मागताना एवढं नक्की विचारावं: माझी फाइल कोणत्या माणसाकडे असेल, त्याच्याशी थेट फोनवर बोलता येईल का, लीजहोल्ड, भेटीचे पैसे आणि बँक ट्रान्सफर धरून शेवटचा आकडा किती, आणि परदेशातून येणाऱ्या पैशाची कागदपत्रं त्यांनी आधी हाताळली आहेत का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरीकडे जा. काम बिघडलं तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करायची, आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बुड्समनकडे (वकिली सेवांच्या तक्रारी बघणाऱ्या यंत्रणेकडे) जाता येतं, त्याचे पैसे पडत नाहीत.

घर नावावर झाल्यावर लँड रजिस्ट्रीच्या ‘प्रॉपर्टी अलर्ट’ या मोफत सेवेत नाव नोंदवा. तुमच्या टायटलवर कुणी काही अर्ज केला की ईमेल येते. भारतात महिनोन्‌महिने जाऊन राहणाऱ्यांनी तर नक्कीच. टायटल नंबर दोन असतील तर दोन्ही टाका.